स्लॉथची झाकली मूठ: नर कोणता, मादी कोणती?

जर्मनीतल्या हाले शहराच्या प्राणिसंग्रहालयात १९७१ पासून दोन बोटांचा एक स्लॉथ राहत होता. त्याचं नाव पॉल. सांभाळणारी माणसं आणि बघायला येणारी मुलं, सगळ्यांच्या लेखी तो नर होता. बऱ्याच वर्षांनी उलगडा झाला, की हा पॉल नाहीच, ही पॉला आहे! नाव बदललं. पॉलाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, ती आपली फांदीला लटकून पानं खात राहिली. २०१९ मध्ये तिचा पन्नासावा वाढदिवस साजरा झाला, तेव्हा जगातल्या सर्वांत वयस्कर स्लॉथपैकी एक म्हणून तिची बातमी देशोदेशी पोचली.

वाचून हसू येतं. रोज खाऊ-पिऊ घालणाऱ्या माणसांना नर-मादी कळू नये? पण यात त्यांची चूक काढण्यात अर्थ नाही. स्लॉथच्या बाबतीत असे गोंधळ जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांत झाले आहेत. कारण या प्राण्याची शरीररचनाच तशी आहे. जे इतर प्राण्यांत एका नजरेत दिसतं, ते स्लॉथनं पोटात आणि दाट केसांत दडवून ठेवलं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसंच काहीसं.

ही मूठ आज थोडी उघडून पाहू. कारण या रचनेतून केवळ स्लॉथच नाही, तर आपलं स्वतःचं शरीरही थोडं जास्त समजतं.

आधी ओळख करून घेऊ

स्लॉथ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत राहतो. त्याची दोन कुळं आहेत: पुढच्या पायांना तीन नख्या असलेले, आणि दोन नख्या असलेले. मागच्या पायांना मात्र दोघांच्याही तीन-तीनच नख्या असतात. दिसायला भाऊ-भाऊ वाटले, तरी ही दोन कुळं फार पूर्वी वेगळी झाली आहेत. मुंगीखाऊ आणि अंगावर चिलखत घालून फिरणारा आर्माडिलो हे यांचे जवळचे नातेवाईक.

भारतात रानटी स्लॉथ नाही, पण त्याचं नाव आपल्याकडे येऊन राहिलं आहे. आपल्या जंगलातल्या काळ्या, केसाळ अस्वलाला इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात. १७९१ मध्ये इंग्लंडमधले प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी या अस्वलाची लांब नखं आणि पुढच्या दातांमधली फट पाहून त्याला चक्क स्लॉथच ठरवलं आणि शास्त्रीय नावही तसंच दिलं. पुढे चूक सुधारली, पण इंग्रजी नाव चिकटलं ते चिकटलंच. म्हणजे स्लॉथच्या बाबतीत माणसाची फसगत होण्याची परंपरा जुनी आहे.

बाहेरून काहीच का दिसत नाही?

गोठ्यातला बैल असो, घरातला कुत्रा असो की धनगराच्या कळपातला मेंढा, नर ओळखायला आपल्याला प्राणिशास्त्र शिकावं लागत नाही. त्यांचे वृषण म्हणजे शुक्राणू तयार करणाऱ्या गोट्या शरीराबाहेर एका पिशवीत असतात.

स्लॉथच्या नराला अशी पिशवीच नसते. त्याचे दोन्ही वृषण आयुष्यभर पोटाच्या आत, ओटीपोटात, मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मध्ये बसलेले असतात. शिश्न लहान असतं, मागच्या दिशेला वळलेलं आणि गुदद्वाराजवळ. त्यावर लांब, दाट केस. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही.

मादीतही अशीच गंमत आहे. तिची मूत्राची वाट आणि जननमार्ग आत एकत्र येतात आणि एकाच सामाईक मार्गानं बाहेर उघडतात. हे द्वारही गुदद्वाराजवळच आणि केसांत झाकलेलं. थोडक्यात, नर काय किंवा मादी काय, केस बाजूला सारले तरी साधारण सारखंच दृश्य. अनुभवी डॉक्टरलासुद्धा नीट तपासावं लागतं. पिल्लांच्या बाबतीत तर अंदाज चुकण्याची शक्यता आणखी जास्त.

तीन बोटांच्या स्लॉथनं आपल्यावर थोडी दया केली आहे. त्यांच्या बहुतेक जातींत वयात आलेल्या नराच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, आखूड केसांचा पिवळा-नारिंगी ठिपका असतो आणि त्याच्या मधोमध काळी रेघ. जणू कोणी पाठीवर रंगाचा ब्रश फिरवला आहे. हा ठिपका दिसला की नर, हे नक्की. दोन बोटांच्या स्लॉथमध्ये मात्र अशी कोणतीच खूण नाही. नर-मादी आकारानंही जवळपास सारखे. पॉला याच कुळातली होती.

वृषण पोटात असूनही काम कसं चालतं?

हा प्रश्न समजून घ्यायला आधी माणसाकडे वळावं लागेल. मुलगा आईच्या पोटात वाढत असतो, तेव्हा त्याचे वृषणही सुरुवातीला मूत्रपिंडांजवळच तयार होतात. जन्माच्या आधी ते हळूहळू खाली सरकत पिशवीत येतात. शरीराच्या आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि माणसाच्या शुक्राणूंना त्याहून दोन-तीन अंश कमी तापमान मानवतं. पिशवी बाहेर असल्यामुळे हा थंडावा मिळतो. थंडीत ती आक्रसते, उन्हाळ्यात सैल पडते, ती याचसाठी.

इथे घरातल्या मोठ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही बाळांत जन्माच्या वेळी एक किंवा दोन्ही वृषण खाली उतरलेले नसतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत हे जास्त दिसतं. अनेकदा पहिल्या काही महिन्यांत ते आपोआप उतरतात. पण बाळ सहा महिन्यांचं झालं तरी उतरले नसतील, तर लाज न बाळगता किंवा ‘होईल हळूहळू’ म्हणत न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. लहान शस्त्रक्रियेनं हे दुरुस्त होतं आणि ती वेळेत केलेली चांगली. दुर्लक्ष केलं तर पुढे वंध्यत्वाचा आणि वृषणाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आता पुन्हा स्लॉथकडे. माणसात जी अडचण ठरते, ती स्लॉथची रोजची स्थिती आहे. मग त्याचं भागतं कसं? पहिलं उत्तर सोपं वाटतं. स्लॉथचं शरीर मुळातच थंड असतं. त्याचं तापमान बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा बरंच कमी, साधारण ३० ते ३४ अंशांच्या आसपास राहतं आणि हवेप्रमाणे वर-खाली होतं. पहाटे गारठा असेल तर तो थंड पडतो, ऊन आलं की फांदीच्या टोकाला जाऊन शेकत बसतो. शरीरच थंड, तर वृषण बाहेर टांगण्याची गरज काय?

पण निसर्गात सोपी उत्तरं क्वचितच पुरी पडतात. हत्तीचे वृषणही पोटातच असतात आणि हत्तीचं शरीर ३६ अंशांच्या आसपास असतं. पक्ष्यांचं तर बघायलाच नको. चिमणी-कावळ्यांच्या शरीराचं तापमान ४० अंशांच्या घरात, तरी सगळ्यांचे वृषण शरीराच्या आत, आणि दरवर्षी घरटी पिल्लांनी भरतात. म्हणजे उष्णता हे एकच कारण नाही. प्रत्येक कुळानं आपापला मार्ग काढला आहे.

याचा एक सुंदर पुरावा २०१८ मध्ये पुढे आला. हत्तीच्या दूरच्या गोतावळ्यातल्या मॅनटी या समुद्री प्राण्याचे आणि इतर काही आफ्रिकी प्राण्यांचे वृषणही पोटातच असतात. शास्त्रज्ञांनी त्यांची जनुकं तपासली. वृषण खाली उतरवण्याचं काम करणारी दोन जनुकं आहेत. या प्राण्यांत ती मोडकळीला आलेल्या स्थितीत सापडली. ओसाड वाड्यात जुन्या जात्याचा तुटका खुंटा सापडावा आणि इथे कधीतरी दळण होत होतं हे कळावं, तसंच हे. त्यांच्या पूर्वजांचे वृषण खाली उतरत होते आणि पुढे ती सवय मोडली, असा त्याचा अर्थ.

मादीचं गर्भाशय: आपल्यासारखंच एकसंध

घरातल्या मांजरीला चार-पाच पिल्लं एकदम होतात. तिच्या गर्भाशयाला दोन लांब फाटे असतात आणि त्यांत पिल्लं शेंगेतल्या दाण्यांसारखी ओळीनं वाढतात. कुत्री, डुकरीण, गाय, म्हैस यांच्या गर्भाशयालाही दोन फाटे असतात. सशाच्या मादीत तर दोन वेगवेगळी गर्भाशयंच असतात.

बाईचं गर्भाशय मात्र एकसंध, उलट्या पेरूच्या आकाराचं. माकडांतही तसंच. आणि स्लॉथमध्येही! मादी स्लॉथचं गर्भाशय एकसंध असतं आणि साधारणपणे एका वेळी त्यात एकच पिल्लू वाढतं. यावरून स्लॉथ आपला जवळचा नातेवाईक आहे, असं मात्र समजू नका. वेगवेगळ्या कुळांनी वेगवेगळ्या वाटांनी येऊन तशीच रचना गाठली आहे.

एकसंध गर्भाशय म्हणजे एकच पिल्लू, असाही नियम नाही. स्लॉथचा चुलतभाऊ, नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो, याच्या मादीचं गर्भाशयही एकसंधच. पण तिच्यात एकच फलित बीज चार भागांत विभागतं आणि दर खेपेला हुबेहूब सारखी चार पिल्लं जन्माला येतात. एका घराण्यातल्या दोन बहिणी, एकीची एकच लेक, दुसरीची चारही लेकरं एकाच छापाची.

हाक मारते ती मादी

दिवसभर न बोलणारी स्लॉथ मादी माजावर आली की झाडाच्या शेंड्यावरून उंच, तीक्ष्ण आवाजात ओरडू लागते. तीन बोटांच्या स्लॉथला ब्राझीलमध्ये ‘आई’ म्हणतात. तिथल्या मूळ तुपी लोकांच्या भाषेतलं हे नाव त्याच्या आवाजावरूनच पडलं. मराठी कानाला हे नाव किती जवळचं वाटतं! अर्थात, हा केवळ योगायोग.

हाक ऐकून नर आपल्या गतीनं, पण निर्धारानं निघतात. एकाहून जास्त नर पोचले तर उलटे लटकून एकमेकांना नख्यांनी ओरबाडतात. स्लॉथच्या जगात हीच मोठी मारामारी. पुढचं मीलन मात्र थोडक्यात आटोपतं. नर पित्याची कोणतीही जबाबदारी घेत नाही. पिल्लाचं सगळं आईवर.

कोस्टा रिकामध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोनाथन पाउली आणि झकरायाह पीरी यांनी तीन बोटांच्या स्लॉथची डीएनए तपासणी करून कोणतं पिल्लू कोणत्या नराचं हे शोधलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की वयात आलेल्या नरांपैकी फक्त चौथा हिस्सा नर बाप झाले होते आणि तपासलेल्या पिल्लांपैकी निम्मी एकाच नराची होती. शांत, आळशी दिसणाऱ्या या प्राण्यांत स्पर्धा किती तीव्र असते, हे त्यावरून कळतं.

उलटं लटकून बाळंतपण

आपल्याकडे म्हैस साधारण दहा महिने गाभण असते. तिचं रेडकू पंचवीस-तीस किलोंचं भरतं. दोन बोटांची स्लॉथ मादी सहा-सात किलोंची, म्हणजे एखाद्या धष्टपुष्ट मांजराएवढी. पण तिचा गर्भकाळ हॉफमन जातीत जवळजवळ साडेअकरा महिन्यांचा. आणि पिल्लू? जेमतेम तीनशे-चारशे ग्रॅमचं. तेवढ्याच वजनाची कुत्री दोन महिन्यांत विते. तीन बोटांच्या स्लॉथमध्ये हा काळ कमी, साधारण सहा महिन्यांचा सांगितला जातो.

इतका वेळ का? स्लॉथ जगतो पानांवर. पानांत ताकद कमी आणि ती पचायलाही कित्येक दिवस लागतात. हातात रोज थोडेच पैसे पडत असतील, तर घरही हळूहळूच बांधून होतं. स्लॉथची आई पिल्लू असंच, पै-पै जोडून घडवते.

गर्भातल्या पिल्लाचीही एक खासियत आहे. १८६४ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ हेर्मान वेल्कर यांनी स्लॉथच्या गर्भाचा अभ्यास करताना त्याच्या केसांवरून पसरलेला एक पातळ पापुद्रा पाहिला. केस त्याच्याखाली वाढत होते. मानवी गर्भाच्या कातडीवरही सुरुवातीला असाच एक नाजूक थर असतो, तो पुढे गळून पडतो.

बाळंतपण बहुतेकदा झाडावरच, फांदीला लटकलेल्या अवस्थेत होतं. पिल्लू जन्मतःच केसाळ, डोळे उघडे आणि नख्या तयार. बाहेर येताच ते आईच्या केसांना धरून तिच्या पोटावर चढतं. आईची दोन स्तनाग्रं छातीवर असतात, त्यामुळे उलट्या लटकलेल्या आईचं पोट म्हणजे पिल्लाची झोळी, आणि दूध तोंडाशी.

सासर-माहेर नाही, पण वारसा आहे

तीन बोटांचं पिल्लू साधारण सहा महिने आईच्या अंगावर राहतं, दोन बोटांचं त्याहून जास्त. सुरुवातीच्या आठवड्यांतच ते आईच्या ओठांभोवतीची पानं चाटू लागतं. कोणत्या झाडाची पानं खायची, कोणती टाळायची, हे ते असंच शिकतं. पनामातल्या बारो कोलोरादो बेटावर १९७० च्या दशकात मॉन्टगोमेरी आणि सनक्विस्ट या संशोधकांनी स्लॉथचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांना दिसलं, की प्रत्येक स्लॉथची आवडती झाडं वेगळी असतात आणि ही आवड पिल्लाला आईकडून मिळते. पिल्लू मोठं झालं की आई त्याला बाहेर काढत नाही. तीच उठून आपल्या जागेच्या दुसऱ्या भागात जाते आणि ओळखीची झाडं पिल्लासाठी सोडते.

पिल्लाला अकाली आईपासून तोडलं, तर ते केवळ दुधाला मुकत नाही, कोणतं पान खावं या शहाणपणालाही मुकतं. अनाथ पिल्लं जगवणं म्हणूनच फार अवघड जातं.

हे सगळं कळून उपयोग काय?

पहिला उपयोग प्राणिसंग्रहालयांना. जोडी म्हणून एकत्र ठेवलेले दोघेही नर निघाले, तर एकमेकांना गंभीर जखमा करू शकतात. दोघी माद्या निघाल्या, तर पिल्लाची वाट पाहण्यात वर्षं जातात. आता केसांच्या मुळांतून किंवा रक्तातून डीएनए तपासून, किंवा सोनोग्राफी करून नर-मादी नक्की करता येतं.

दुसरा उपयोग जंगलाला. वर्षाला फार तर एकच पिल्लू, दोन बोटांच्या स्लॉथमध्ये तर त्याहूनही जास्त अंतर, आणि मादी वयात यायला साधारण तीन वर्षं. हा हिशेब मांडला, की एक मादी गेली तर किती नुकसान होतं ते लक्षात येतं. उंदरांची संख्या भरून यायला एक पावसाळा पुरतो, स्लॉथची भरून यायला अनेक वर्षं लागतात. पनामाच्या एका छोट्या बेटावर राहणारा बुटका स्लॉथ आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. इतरत्र जंगलं तुटतात, रस्ते होतात, झाडांऐवजी विजेच्या तारांवरून जाताना स्लॉथ शॉक लागून मरतात. काहींना पकडून पर्यटकांच्या हातात फोटोसाठी दिलं जातं.

कोस्टा रिकानं २०२१ मध्ये स्लॉथला राष्ट्रीय प्रतीकाचा मान दिला. वन्यप्राण्यांना हातात घेऊन सेल्फी काढू नका, अशी मोहीमही तिथे २०१९ पासून सुरू आहे. आपण इतक्या दूर राहून काय करू शकतो? मोबाइलवर स्लॉथला कुशीत घेतलेला व्हिडिओ आला, तर तो पुढे पाठवण्याआधी एक गोष्ट आठवायची. त्याच्या चेहऱ्यावर दिसतं ते हसू नसतं, त्याच्या तोंडाची ठेवणच तशी असते. घाबरलेला स्लॉथ पळत नाही, तो नुसता गोठून राहतो. आणि तो नर आहे की मादी, हे व्हिडिओ काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कदाचित पोटात साडेअकरा महिन्यांचा संसार मांडून बसलेली ती एक आई असेल.